शॅमेलिऑनच्या ‘उपासा’बद्दल फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीने न्यू जर्सीतल्या एडिसनहून मला एक संदेश पुढे पाठवला आणि खाली एवढेच विचारले, "दादा, हे खरे आहे का?" पाळीव शॅमेलिऑन (रंग बदलणारा, झाडावर राहणारा सरडा) खाईनासा झाला आणि वाळू लागला तर काय करावे याचे सहा सल्ले त्यात मराठीत दिले आहेत, आणि पाळीव प्राण्यांच्या गटांपासून नातेवाइकांच्या गटांपर्यंत तो सगळीकडे फिरतो आहे. तिने विचारले तोवर माझ्या भाचीने त्या सल्ल्यांवर विसंबून तीन आठवडे काढले होते आणि तिची १४ महिन्यांची मादी १२८ ग्रॅमवरून १०४ ग्रॅमवर आली होती. मी स्वतः नऊ वर्षे हे प्राणी पाळत आलो आहे, त्यामुळे तो संदेश वाचून मला जो संताप आला तो या उत्तरात लपणार नाही.

पाचवा मुद्दा आधी घेतो, कारण सर्वांत जास्त जीव त्यानेच जातील. त्यात म्हटले आहे की नराशी संबंध आला नसेल तर मादीला अंडी होऊच शकत नाहीत, म्हणून पोट फुगले असल्यास तो वायू समजावा आणि तिला आठवडाभर काही देऊ नये. ज्याच्या परसात कधी कोंबड्या होत्या, त्याला हे वाक्य लिहवले तरी कसे? कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते. त्यांतून पिल्ले निघत नाहीत, एवढेच. येमेन आणि नैर्ऋत्य सौदी अरेबियात मूळ असलेल्या व्हेल्ड शॅमेलिऑनच्या मादीचेही तसेच आहे, आणि परदेशात घरोघरी पाळली जाते ती बहुधा हीच जात. वयात आली की ती नराविना अंडी धरते, आणि ती दोन-चार नव्हेत, एका वेळी कित्येक डझन असू शकतात. घालायची वेळ जवळ आली की तिची भूक मंदावते, ती पिंजऱ्याच्या तळाशी अस्वस्थपणे फिरते आणि माती उकरू लागते. त्या वेळी तिला हवी असते ओलसर वाळूमातीने वीतभर खोल भरलेली कुंडी किंवा टब आणि पूर्ण एकांत. ती जागा मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते, आणि हे अडलेले बाळंतपण तिचा जीव घेऊ शकते.

यात कॅल्शियमचा भाग फार महत्त्वाचा आहे. अंड्यांच्या कवचासाठी लागणारे कॅल्शियम आहारातून मिळाले नाही तर मादी ते स्वतःच्या हाडांतून काढते, आणि रक्तातले कॅल्शियम घसरले की अंडी बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाच बळ राहत नाही. अशा मादीला उपाशी ठेवणे म्हणजे तिची उरलीसुरली ताकद काढून घेणे होय. शिवाय पोटात अंडी असताना नुसत्या पोटाकडे पाहून काहीच कळत नाही: पोट भरलेले दिसते आणि त्याच वेळी मांड्या आणि शेपटीचे मूळ वाळत जाते. भाचीच्या मादीचे नेमके हेच झाले होते. क्ष-किरण चित्रात पोटभर अंडी दिसली, डॉक्टरांनी कॅल्शियम आणि सलाइन दिले, आणि दुसऱ्या रात्री तिने ती घातली. ती वाचली, पण तिचा पुढचा एक पाय वाकलेला आहे आणि तो आता सरळ होणार नाही. या मुद्द्यातला एक अर्धवट खरा भाग मी नाइलाजाने मान्य करतो: सतत भरपेट खाऊ घातलेली मादी जास्त अंडी धरते, म्हणून प्रौढ मादीला एरवी मोजूनच द्यावे. पण ती काळजी अंडी धरण्याआधी घ्यायची असते.

तिसरा मुद्दा म्हणतो की यूव्हीबी दिवा (ज्या अतिनील किरणांमुळे कातडीत कॅल्शियम शोषायला लागणारे व्हिटॅमिन डी तयार होते, त्यांचा दिवा) हा कंपन्यांचा पैसे काढण्याचा धंदा आहे, पिंजरा खिडकीशी ठेवून वर व्हिटॅमिन डीचे थेंब पाजले की झाले. खिडकीची काच यूव्हीबी किरण जवळजवळ पूर्ण अडवते. काचेतून ऊन दिसते, पण त्यातला उपयोगाचा भाग आत येत नाही. क्रिस्टोफर कार्स्टन, गॅरी फर्ग्युसन आणि सहकाऱ्यांनी मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवर केलेला अभ्यास २००९ साली ‘फिजिऑलॉजिकल अँड बायोकेमिकल झूऑलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्यांच्या आहारात डी-३ (व्हिटॅमिन डीचाच एक प्रकार) कमी होते ते प्राणी आपण होऊन अतिनील किरणांत जास्त वेळ बसत, आणि ज्यांना ते पुरेसे मिळत होते ते कमी बसत. म्हणजे आपल्याला किती हवे हे ठरवण्याची क्षमता या प्राण्याच्या अंगीच आहे; दिवा काढून घेतला की ती क्षमता निरुपयोगी होते. थेंबांचा हिशेब मात्र त्याच्या हातात राहत नाही, आणि जादा डी-३ शरीरात साचून अवयवांत कॅल्शियमचे थर बसवू शकते. त्यातून जानेवारीतली न्यू जर्सीची खिडकी म्हणजे गारठा, आणि बसायला उबदार फांदी नसेल तर खाल्लेले पचत नाही, म्हणून तो खाणेच सोडतो.

मध आणि केळे कालवून सिरिंजने तोंडात सोडण्याचा सल्ला धोकादायक आहे. शॅमेलिऑनच्या श्वासनलिकेचे तोंड जबड्यात पुढेच असते. जबरदस्तीने सोडलेला पातळ पदार्थ फुप्फुसांत जाऊ शकतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. बळेच भरवायची वेळ आलीच तर ते डॉक्टरांनी करावे किंवा त्यांच्याकडून शिकून घ्यावे.

पिंजऱ्यात पाण्याची वाटी ठेवण्याचा सल्लाही निरुपयोगी आहे; वाटी ठेवून तो पीत नाही, कारण बहुतेक शॅमेलिऑनना साचलेले पाणी पाणी म्हणून ओळखू येत नाही. ते पानांवरचे थेंब चाटतात, त्यामुळे फवारा आणि ठिबक दोन्ही हवेत. विष्ठेबरोबरचा पांढरा भाग पिवळा-नारिंगी दिसू लागला किंवा डोळे खोल गेले, तर त्याला पाणी कमी पडते आहे. बागेतले ‘ताजे’ किडे पकडून घालण्याच्या सल्ल्याबद्दल एकच सांगतो: उन्हाळ्यात तिकडच्या अंगणांत चमकणाऱ्या काजव्यांत असे विष असते की एखादा काजवा खाऊनही पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत.

राहिला पहिला मुद्दा, की शॅमेलिऑन महिना-दोन महिने ‘नैसर्गिक उपास’ करतो. प्रौढ प्राणी दिवसाआड खातो, कात टाकताना किंवा माजावर असताना कमी खातो, आणि सतत रातकिडेच दिले तर त्यांना कंटाळून रेशीमकिडे मिळेपर्यंत अडून बसतो, हे सगळे मी स्वतः पाहिले आहे. पण असा प्राणी उघड्या डोळ्यांनी फांद्यांवर हिंडतो आणि त्याचे वजन जवळपास टिकून राहते. म्हणून ग्रॅममध्ये मोजणाऱ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याला दर आठवड्याला तोलून तारखेसह लिहून ठेवावे. दोन आठवडे सलग वजन उतरले, तर थांबू नये. आणि तो दिवसा डोळे मिटून बसत असेल किंवा त्याची जीभ भक्ष्यापर्यंत पोचत नसेल, तर त्याच दिवशी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्यावे. जाताना वजनांची नोंद, ताजी विष्ठा आणि दिव्याच्या खोक्याचा फोटो बरोबर असावा, कारण जंतांची तपासणी विष्ठेवरूनच होते आणि दिवा किती जुना आहे हे डॉक्टर आधी विचारतात.