मेंदूतल्या चावीवाल्याला झोपू देऊ नका

रात्री दहाला दिवा मालवून झोपणारा माणूस सोलापुरात संशयास्पद समजला जातो. एक तर तो आजारी असतो, नाहीतर पाहुणा. बाकीचे आपण जागे असतो आणि दुसऱ्या दिवशी ते अभिमानाने सांगतोही. तरीसुद्धा काही घरांतून अजून लोकांना गाढ झोप लागते अशा तक्रारी येतात. दोष त्यांचा नाही. मेंदूच्या मधोमध थॅलॅमस नावाचा एक भाग बसला आहे, तो रात्री कुणाला न विचारता काम आवरतं घेतो. त्याला वठणीवर कसं आणायचं, त्याचं हे मार्गदर्शन. आधी तो काय करतो ते नीट पाहून घ्या, म्हणजे घाव बरोबर जागी बसेल.

थॅलॅमस म्हणजे डावा-उजवा असे दोन लांबट गोळे, प्रत्येकी साधारण तीन सेंटिमीटरचे. डोळ्यांना दिसलेलं, कानांवर पडलेलं, कातडीला लागलेलं सगळं आधी इथे येतं आणि मग वरच्या थरात, म्हणजे कॉर्टेक्समध्ये जातं. पण वाहतूक एकेरी नाही. थॅलॅमसमध्ये पेशींचे वेगवेगळे गट असतात, त्यांना केंद्रकं म्हणतात. दृष्टीच्या केंद्रकातल्या पेशींवर ज्या जोडण्या असतात, त्यांतल्या जेमतेम ५ ते १० टक्के डोळ्यांकडून आलेल्या असतात. उरलेल्या कॉर्टेक्सकडून, ब्रेनस्टेमकडून, म्हणजे मेंदूच्या बुंध्याकडून, आणि आसपासच्या पेशींकडून. समोर जे आहे त्यातलं काय पाहायचं, हे बरंचसं वरूनच ठरून येतं. हे आणखी कुठे कुठे लागू पडतं, ते तुम्ही बघा.

या गोळ्यांभोवती रेटिक्युलर केंद्रकाचं पातळ कवच असतं. आपल्या पेठेतला चावीवाला स्वतः थेंबभर पाणी तयार करत नाही, पण कुठल्या गल्लीचा व्हॉल्व कधी उघडायचा ते त्याच्याच हातात असतं. या कवचाचंही तसंच. कॉर्टेक्सकडे ते स्वतःची एकही तार पाठवत नाही. थॅलॅमसच्या पेशींवर गाबा नावाचं रसायन सोडून त्यांना दाबून ठेवायचं, एवढंच त्याचं काम. फ्रान्सिस क्रिकने, डीएनएवाला तोच, १९८४ साली असा तर्क मांडला की लक्ष इकडून तिकडे वळवण्याचं कामही हेच कवच करत असावं. रात्री हा चावीवाला एकेक व्हॉल्व आवळत जातो. आपलं भांडण आहे ते याच्याशी.

आवळतो कसा, तेही पाहा. जागेपणी ब्रेनस्टेम आणि थॅलॅमसच्या खालच्या हायपोथॅलॅमसमधून अ‍ॅसिटिलकोलीन, नॉरअ‍ॅड्रेनलिन, हिस्टामिन, ओरेक्सिन अशी रसायनं सतत येत राहतात आणि थॅलॅमसच्या पेशी विद्युतदाबाच्या हिशेबात उणे ६० मिलिव्होल्टच्या आसपास तयारीत राहतात. आलेला संदेश बऱ्यापैकी जसाच्या तसा वर जातो. ही रसायनं ओसरली की पेशी उणे ७० च्या खाली घसरते. मग जागेपणी निकामी पडलेली टी-प्रकारची कॅल्शियमची दारं शंभरेक मिलिसेकंदांत पुन्हा सज्ज होतात. आता जरासा धक्का लागला की कॅल्शियम आत घुसतं, पेशी एका दमात चार-पाच वेळा कडाडते आणि गप्प होते. बाहेर काय चाललंय, याच्याशी त्या कडाडण्याचा फारसा संबंध उरत नाही. कवच दाबतं, पेशी उसळते, ती उसळी कवचाला पुन्हा चेतवते, कवच पुन्हा दाबतं. सेकंदाला ११ ते १६ वेळा या गतीने हे अर्धा ते दोन सेकंद चालतं. ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरींच्या आलेखाच्या, कागदावर मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी त्याची नक्षी उमटते. आल्फ्रेड लूमिस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत १९३५ साली ती नोंदवली. तिला स्लीप स्पिंडल म्हणतात. झोप आणखी खोल गेली की सेकंदाला चारपेक्षा कमी गतीच्या डेल्टा लहरी येतात आणि त्यांच्याही तळाशी सेकंदाला एकाहून कमी अशी एक संथ लहर, जी मिर्चा स्टेरियाडे यांनी १९९३ साली दाखवून दिली. थोडक्यात, झोपलेला मेंदू बंद नसतो. त्याने आतून कडी लावलेली असते आणि आत काम चालू असतं.

काम कसलं? संथ लहरीवर स्पिंडल बसतं, स्पिंडलच्या आत हिप्पोकॅम्पस या आठवणी नोंदवणाऱ्या भागाचे बारीक, वेगवान तरंग बसतात, आणि या जुळणीत दिवसभर शिकलेलं कॉर्टेक्समध्ये पक्कं होतं. म्हणून पहिला सल्ला रात्रभर उघड्या असणाऱ्या अभ्यासिकांतल्या विद्यार्थ्यांना. रात्री दोनपर्यंत वाचा, पाचचा गजर लावा. रात्रीच्या झोपेतला जवळपास निम्मा वेळ स्पिंडलवाल्या दुसऱ्या टप्प्याचा असतो आणि पहाटेकडे त्याचा आणि स्वप्नांच्या झोपेचा वाटा वाढत जातो. पाचच्या गजराने नेमका तोच कापला जातो. वाचलेलं वहीत राहतं, डोक्यात जात नाही. पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायला तुम्ही मोकळे.

चहाचं तर विचारूच नका. रात्रीचं जेवण झालं की साडेनऊला टपरीवर जाऊन एक फुल घ्या, कटिंगवर भागवू नका. जागं राहू तितकं मेंदूत अ‍ॅडेनोसिन साचतं आणि तेच झोपेकडे ओढतं; कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतं. एका कप चहात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि त्यातलं निम्मं उतरायला सुमारे पाच तास लागतात. म्हणजे रात्री अडीचला अर्धा कप तुमच्या डोक्यात शाबूत. ‘मला चहा घेऊनही झोप लागते’ असं छातीठोक सांगणारे लोक आमचे विशेष लाडके. झोप लागते हो, पण डेल्टा लहरी उथळ होतात. सकाळी उठल्यावर अंग जड वाटतं, आणि त्यावर उपाय म्हणून ते पुन्हा चहाच घेतात.

मोबाइल हवाच. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांना आकृती दिसत नाही, फक्त उजेड कळतो, आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर उजेड त्यांना सगळ्यात जास्त लागतो. त्या हायपोथॅलॅमसमधल्या घड्याळाला ‘अजून दिवस आहे’ असं कळवतात आणि रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन अडतं. मात्र आमचं स्पष्ट मत असं, की निळ्या उजेडाची उगाच बदनामी होते. खरी कामगिरी रीलची. दर वीस सेकंदांनी काहीतरी नवं आलं की ब्रेनस्टेमची पिचकारी पुन्हा उडते आणि चावीवाल्याचा हात व्हॉल्ववरून सुटतो. स्क्रीन पिवळी करून रील पाहणाऱ्यांना तोच लाभ होतो, शिवाय आरोग्याची काळजी घेतल्याचं समाधान वेगळं.

आता वासाबद्दल एक गैरसमज. झोपलेल्याला वासाने उठवण्याच्या भानगडीत पडू नका. बाकीच्या संवेदना थॅलॅमसमधून जातात, वास त्याला वळसा घालून थेट कॉर्टेक्सकडे जातो. तरी नुसत्या वासाने गाढ झोपलेला माणूस सहसा उठत नाही. शेंगा भाजल्याचा खमंग दरवळ त्याच्या नाकाशी नेलात तरी तो घोरतच राहील. त्याच शेंगा लसूण-तिखटाबरोबर उखळात घालून कुटा. दणका कानावाटे थॅलॅमसच्या श्रवण केंद्रकात जातो. तेही जमलं नाही तर गरम तेलात तिखट टाका. ठसका हा वास नव्हेच, ती झोंबणी आहे; ती चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेने थॅलॅमसमार्गेच जाते. सगळं घर खोकत उठेल.

पण आवाजाच्या बाबतीत आपलं शहर स्वयंपूर्ण आहे. जयंती असो, उत्सव असो, वरात असो, डॉल्बी आहेच. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा कायद्यात लिहिलेली आहे, आणि लिहिलेली गोष्ट वाचलीच पाहिजे असं कुठे लिहिलंय? स्पिंडल चालू असताना बाहेरचा आवाज वर पोहोचणं अवघड होतं. ज्यांच्या झोपेत स्पिंडल जास्त, ते आवाजात जास्त टिकून झोपतात. म्हणून मिरवणुकीने एकदाच वाजवून निघून जाऊ नये. कोपऱ्यावर थांबावं, बेस वाढवावा, खिडकीच्या काचा थरथरल्या पाहिजेत. दोन स्पिंडलांच्या मधली फट कधीतरी गाठली जातेच. ‘आम्हाला सवय झालीय’ म्हणणाऱ्यांना तसंच म्हणू द्या. सवयीने ते जागे होत नसतील, पण प्रत्येक दणक्याला नाडी उसळते, रक्तदाब उसळतो, आणि सकाळी यातलं त्यांना काही आठवत नाही. याहून गुप्तदान कोणतं?

मग पाण्याचा दिवस. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी रात्री तीनला आलं तर तक्रार नको. त्या वेळी उठलेल्या माणसात एक मजा असते. जाग येताच ब्रेनस्टेम आणि थॅलॅमस लगेच चालू होतात, पण विचार करणारा पुढचा कॉर्टेक्स मागे रेंगाळतो. त्याला पूर्ण भानावर यायला पंधरा-वीस मिनिटं, कधी जास्तही लागतात. म्हणून तुम्ही बिनचूक जाऊन मोटारीचं बटण दाबता, पाइप पिंपात सोडता, बाजूच्या पायरीवर टेकता आणि पिंप भरून अंगणातून पाणी गटारीला लागलं तरी बघत बसता. शेजारीण ओरडली की मग मोटार बंद. डोळे उघडे होते, हे तुमचं म्हणणं अगदी खरं असतं.

यंत्रमागाच्या बाबतीत सल्ला कामगारांना नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. सल्ला पाळ्या लावणाऱ्यांना. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण एक-दीड तासच सरकतं, त्यामुळे रात्रपाळीशी जुळायला आठवडा सरतो. नेमकं जुळत आलं की पाळी फिरवा. दिवसा पत्र्याखाली, मे महिन्यात, बेचाळीस अंशांत तो झोपणार कसा, हा प्रश्न मनातसुद्धा आणू नका. झोप लागायला शरीराचं आतलं तापमान अंशभर उतरावं लागतं आणि ते तिथे उतरत नाही. मग पहाटे चारला मागाशी उभ्या माणसाचा थॅलॅमस उभ्याउभ्या दोन-चार सेकंद कडी लावून घेतो. डोळे उघडे, हात धोट्याजवळ. अपघात झाला की ‘लक्ष नव्हतं’ असं लिहा.

दारू आणि मेडिकलवरून मागून आणलेली गोळी यांची शिफारस थोडक्यात. दारूने झोप पटकन येते आणि उत्तररात्री तुकडे तुकडे होऊन निघून जाते. जुन्या धाटणीच्या झोपेच्या गोळ्या गाबाचा जोर वाढवतात, त्यामुळे स्पिंडल वाढतात, पण गाढ झोपेच्या लहरी घटतात. काही आठवड्यांनी तेवढ्या डोसने भागत नाही. मग डॉक्टरांना न विचारता एका रात्रीत गोळी बंद करा, म्हणजे झोप पहिल्यापेक्षाही वाईट होईल आणि गोळीशिवाय आपलं काही खरं नाही, याची खात्री पटेल.

शिक्षकांसाठी राखीव सूचना. चार ते दहा वर्षांचं मूल बोलता बोलता थांबतं, दहा सेकंद टक लावून बघतं, पापण्या फडफडतात, आणि मग काही झालंच नाही असं पुढे चालू. दिवसातून कितीतरी वेळा. याला ‘ध्यान नाही’ म्हणा आणि पाठीत एक घाला. ते अ‍ॅब्सेन्स प्रकारच्या अपस्माराचं, म्हणजे फिट्सच्या आजाराचं, लक्षण असू शकतं. थॅलॅमस आणि कॉर्टेक्स यांच्यातलं तेच झोपेचं चक्र भरदिवसा, सेकंदाला तीनच्या ठेक्याने भलतंच अडकतं. न्यूरॉलॉजिस्ट तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावून ईईजीवर ते पकडतात, आणि इथोसक्सिमाइड नावाचं औषध त्याच टी-प्रकारच्या दारांना आवर घालतं. मूल डॉक्टरकडे गेलं तर छडीचा मान काय राहील?

झोप येत नाही म्हणून रात्री अडीचला मोबाइलवर शोधायला बसलात की वंशपरंपरागत प्राणघातक निद्रानाश हा आजार तुम्हाला सापडेलच. १९८६ साली बोलोन्यात लुगारेसी आणि सहकाऱ्यांनी एका इटालियन कुटुंबात त्याचं वर्णन केलं. प्रायॉन प्रथिन बिघडतं, थॅलॅमसची पुढची आणि मधली केंद्रकं झडतात, स्पिंडल नाहीशी होतात. जगात मोजक्या कुटुंबांत आहे. तुम्हाला तोच झालाय असं ठरवून टाका. साडेनऊच्या चहाचा संशय घेणं कमीपणाचं आहे.

उलट जिथे घाबरायचं, तिथे शांत राहा. बीपीची गोळी सोडलेल्या माणसाची अचानक एक बाजू बधिर झाली, चेहऱ्यापासून पायापर्यंत, तर ‘जागरणाने आलं असेल’ म्हणा. कुणी भरदुपारी झोपला आणि हलवूनही धड उठेना, तर चादर घाला. काही जणांत एकाच धमनीतून दोन्ही थॅलॅमसना रक्त जातं. ती तुंबली तर असंच होतं. गुठळी विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेवढा वेळ लिंबू उतरवण्यात सहज जातो. पुढे महिन्याभराने त्या बधिर अंगात आग सुरू होते, अंगावरचं पांघरूणही सोसत नाही. देजेरीन आणि रूसी या पॅरिसच्या डॉक्टरांनी १९०६ सालीच ते लिहून ठेवलंय.

एवढं सगळं करूनही रात्रीच्या बातम्या लावून खुर्चीत बसल्या बसल्या झोप लागलीच, तर निदान कबूल करू नका. झोप लागताना थॅलॅमस कॉर्टेक्सच्या कित्येक मिनिटं आधी थंडावतो. बाहेरचं येणं थांबलेलं असतं, पण वर विचार चालूच असतात, त्यामुळे आपण जागे आहोत असं प्रामाणिकपणे वाटतं. बायकोने रिमोट काढून घेतला की ठणकावून सांगा, ‘झोपलो कुठं, ऐकायलोय की!’ फक्त बातमी कुठली चालली होती, हे तिने विचारायच्या आत आंघोळीच्या पाण्याचं बटण बंद केलंय का ते बघायला उठा.