पेटीचा दर बेपत्ता

आपल्याला संगणकातलं काही कळतं असा नुसता संशय जरी नातेवाइकांना असेल, तर आंब्याच्या दिवसांत देवगडला मामाकडे जाऊ नये. मामाला पेट्या थेट गिऱ्हाइकाला विकायच्या असतात. साइट भाच्याने करायची. मेहनताना म्हणून अढीतले डागी आंबे.

दर वेगळ्या फाइलीत ठेवला. वाशीला भाव हलला की एकच ओळ बदलायची. मामा स्क्रीनवर वाकला. "ह्यो डॉलर कित्याक? गिऱ्हाईक मुंबैचा आसा." साइट ज्या भाषेत लिहिली त्या पीएचपीत प्रत्येक व्हेरिएबलपुढे, म्हणजे किंमत साठवणाऱ्या नावापुढे, डॉलर लागतोच, हे त्याला आजही पटलेलं नाही.

यादी दाखवणाऱ्या मेथडमध्ये (मेथड म्हणजे एकेक काम करणारा कोडचा तुकडा) ती फाइल इन्क्लुड केली, म्हणजे आत ओढली, दर झळकला. बिल करणारी मेथड त्याच क्लासमधली, म्हणजे त्याच गठ्ठ्यातली, शेजारचीच. तिने चार पेट्यांचं बिल छापलं : एकूण शून्य रुपये. पीएचपी ८ अशा वेळी 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल', म्हणजे असं नाव इथे नाही, अशी वॉर्निंग देतं, पण ती लॉगमध्ये. नसलेला दर शून्य धरून गुणाकार मात्र निमूटपणे करून टाकतं.

"दर फायलीत आसा मां? मगे गेलो खंय?"

सातबाऱ्याच्या भाषेत सांगावं लागलं. फाइल जिथे इन्क्लुड कराल, त्या मेथडच्या उताऱ्यावर तिचे व्हेरिएबल चढतात. मेथड संपली की नाव कमी. फाइलीतली फंक्शनं आणि क्लास मात्र कुठूनही आणा, अख्ख्या गावाचे.

"मगे दर पण गावाच्या नावान कर!"

तशी 'ग्लोबल'ची सोय आहे. पण मग कोणीही येऊन दर बदलेल, म्हटलं. मामाला सामाईकातली कलमं आठवली असावीत. सूचना तिथल्या तिथे मागे.

मुंबईच्या मावसभावाने फोनवरून इन्क्लुडऐवजी 'रिक्वायर वन्स' सुचवलं. (फोनवरून सल्ला देणाऱ्याला स्वतः काही करावं लागत नाही.) ते फाइल एकदाच वाचतं. दुसऱ्या मेथडने मागितली की नुसतं 'ट्रू' म्हणतं, दर देत नाही.

शेवटी फाइलीला दरांचा अ‍ॅरे, म्हणजे यादी, 'रिटर्न' करायला (परत द्यायला) लावला आणि कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे सुरुवातीलाच चालणाऱ्या मेथडमध्ये, तो क्लासच्या प्रॉपर्टीत, त्याच्या सामाईक कप्प्यात, ठेवला. आता सगळ्या मेथडना दर दिसतो.

तोवर ते शून्याचं बिल मामीच्या भावाला ईमेलने पोचलं होतं. पेट्याही पोचल्या. तो म्हणतो, बिल आहे माझ्याकडे. मामी म्हणते, बरोबरच आहे त्याचं.