पोरांच्या पोटगीबद्दल, जरा सविस्तर

कुणा क्रिकेटपटूचा किंवा नटाचा घटस्फोट झाला की पुढचे आठ दिवस व्हॉट्सअ‍ॅपवर 'बायका पोटगीवर मजा मारतात' याच विषयाचा परिसंवाद भरतो. कोटींचे आकडे आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. मी तालुक्याच्या कोर्टात आणि जिल्ह्याच्या कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. माझ्या फायलींमधले आकडे सांगते. मुलाला दोन हजार, तीन हजार, नशीब जोरावर असेल तर पाच. तेही कागदावर. पोटगीच्या आदेशात बहुतेक वेळा दोन रकमा असतात, एक बायकोची आणि एक लेकराची. पहिलीवर सगळे बोलतात, दुसरीचा विषयच निघत नाही. माझं म्हणणं या दुसरीबद्दल आहे. ती नवरा-बायकोच्या भांडणातून बाहेर काढा, आणि वसूल करायचं काम आईच्या गळ्यात टाकू नका.

कायदा वाईट नाही, हे आधी कबूल करते. फौजदारी प्रक्रिया संहितेचं पोटगीचं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालंय. (आम्ही अजून 'एकशेपंचवीस'च म्हणतो, अशीलही तसंच विचारतात.) मूळ कायद्यात २००१ पर्यंत महिना ५०० रुपयांची कमाल मर्यादा होती. ती गेली, आणि सोबत एक चांगली तरतूद आली: अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा. साठ दिवसांत आमच्याकडे कित्येकदा समोरच्याचं वकीलपत्रही दाखल झालेलं नसतं. तालुक्याला तर हे अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या बोर्डावर असतात. तिथे चेक बाउन्स, मारामाऱ्या, दारूबंदीच्या केसेस, सगळं एकाच दिवशी. पोटगीचा पुकारा होईपर्यंत जेवणाची सुट्टी होते. साहेबांना दोष देत नाही, त्यांना दिवसाला तास तेवढेच.

नोव्हेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालात बरंच काही नीट बसवून दिलं. प्रकरण आपल्या नागपूरचं. बाई २०१३ ला कोर्टात आल्या तेव्हा मूल तान्हं होतं. कौटुंबिक न्यायालयाचा आदेश २०१५ ला, हायकोर्टाचा २०१८ ला, सुप्रीम कोर्टाचा २०२० ला. केवळ अंतरिम रकमेचा वाद मिटेपर्यंत पोरगं शाळेत जायला लागलं होतं. त्या निकालाने सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, आणि दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता, देणी यांचं शपथपत्र द्यायचं.

या शपथपत्राची आमच्याकडे काय गत होते, ते बघण्यासारखं आहे. बँक खाती: एक, शिल्लक तीनशे काही रुपये. स्थावर मालमत्ता: निरंक. वाहन: निरंक. उत्पन्न: 'मिळेल ते काम करतो'. आणि हा गृहस्थ ज्या दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, ते दुकान थोरल्या भावाच्या नावावर. नोकरदार असेल तर तऱ्हा वेगळी. अर्ज दाखल झाल्यावर दोन-तीन महिन्यांत पतसंस्थेचं कर्ज निघतं, ऐच्छिक भविष्य निर्वाह निधी वाढतो, आणि हातात येणारा पगार अर्ध्यावर. स्वतःहून लावून घेतलेले हप्ते धरायचे नसतात हे कोर्टालाही माहीत असतं, पण ते मांडायला पगारपत्रक लागतं आणि ते मिळवायला आणखी चार तारखा जातात. खोटं शपथपत्र दिलं तर कारवाईची सोय आहे. ती होताना मी फार क्वचित पाहिलीये.

आता आदेश झाला असं धरा. पेढे वाटायची घाई करू नका, कारण खरं काम इथून पुढे सुरू होतं. पैसे आले नाहीत तर वसुलीचा वेगळा अर्ज. तोही रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत, नाहीतर त्या महिन्यांसाठी वॉरंट मिळत नाही. मग वॉरंट निघून दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोलीस ठाण्यात जातं आणि तिथून शेरा येतो, 'सदर इसम मिळून आला नाही'. त्याच आठवड्यातला सदर इसमाचा समुद्रकिनाऱ्यावरचा फोटो माझ्या अशीलाच्या फोनवर असतो.

मागे अशाच एका प्रकरणात तिसऱ्या वॉरंटला मुलाचे वडील हजर झाले. थकबाकी नव्वद हजारांच्या घरात. वकिलांनी उभं राहून सांगितलं, अशील प्रामाणिकपणे भरायला तयार आहेत, मुदत मिळावी. खिशातून बारा हजार निघाले. वॉरंट रद्द, पुढची तारीख. बाई कारखान्यातली हजेरी बुडवून आल्या होत्या. व्हरांड्यात त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, पैसे मिळाल्याच्या पुरशिसवर (कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनावर) सही केली आणि पहिला फोन लावला तो शाळेच्या व्हॅनवाल्याला. "काका, मागचे दोन महिने संध्याकाळी देते, उद्यापासून त्याला परत न्या." व्हॅन बंद झाली होती हे मलाही तेव्हाच कळलं.

न भरणाऱ्याला थकीत प्रत्येक महिन्यासाठी महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. आत जाऊन आला म्हणून देणं फिटत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८८ लाच सांगून ठेवलंय. तरी गावाकडे 'मी जेलात बसेन पण एक पैसा देणार नाही' असं छाती काढून सांगणारे आहेत, आणि त्यांच्या पाठीवर थाप मारणारेही.

सगळ्यात चालतं ते एकच, पगारातून कपात. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी पगाराचा एक तृतीयांश भाग जप्तीपासून सुरक्षित असतो, म्हणजे बाकीच्याला हात घालता येतो. पण ही कपात आज कधी होते? आधी थकबाकी साचते, मग दरखास्त (आदेशाच्या अंमलबजावणीचा अर्ज), मग नोटीस, मग कंपनीला पत्र. तोवर पठ्ठ्या नोकरी बदलतो. पतसंस्थेचा हप्ता पहिल्या महिन्यापासून पगारातून परस्पर कापला जातो, त्याला कुणाची हरकत नसते. लेकराचे तीन हजारही तसेच पहिल्या आदेशासोबत कापायला काय अडचण आहे? बायकोच्या रकमेवर भांडा, अपिलात जा, हवं ते करा. मुलाच्या रकमेची वाट तेवढ्यासाठी अडवू नका. धंदेवाल्यांचं आणि शेतीवाल्यांचं यातून सुटणार नाही, हे मलाही कळतं. नोकरदारांचं तरी सुटू द्या.

आता बापांची बाजू, कारण कमेंटमध्ये ती येणारच. आणि यावीच. दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे टाकणारे वडील मी पाहिलेत. भेटीच्या शनिवारी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत क्रेयॉनचा डबा घेऊन बसलेले, आणि 'मुलाला ताप आहे' असा निरोप ऐकून परत गेलेले. सलग कितीतरी शनिवार तापच. हे सरळसरळ चुकीचं आहे. पोरगं दाखवत नाही म्हणून पैसे बंद, पैसे देत नाही म्हणून पोरगं बंद, हा सौदा दोन्हीकडून चालतो. कायद्यात या दोन गोष्टी एकमेकींवर अवलंबून नाहीत. आणखी एक, आई चांगलं कमावत असेल तर मुलाच्या खर्चात तिचाही वाटा धरला जातो. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात मुलांची जबाबदारी आई आणि बाप दोघांवरही आहे.

माझा जास्त राग संमतीच्या घटस्फोटांवर आहे. एकदा सुटायचं म्हणून बाई एकरकमी आकड्याला हो म्हणते आणि खाली ओळ येते, 'मुलाकरिता भविष्यात कोणतीही पोटगी मागणार नाही'. आईला मुलाचा हक्क असा सोडून देता येत नाही. तरी ती ओळ टाइप होते. आम्ही वकीलच टाइप करून घेतो, आणि दहा वर्षांनी बारावीच्या क्लासची फी भरायची वेळ आली की तोच कागद बाईच्या तोंडावर मारला जातो.

बारावीवरून आठवलं. एकशेपंचवीसखालची पोटगी सर्वसाधारणपणे अठराव्या वर्षी थांबते, म्हणजे नेमकी कॉलेजची फी सुरू होते तेव्हा. अविवाहित मुलीला १९५६ च्या कायद्याखाली पुढेही मागता येते, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्येच ते स्पष्ट केलंय. मुलग्याने काय करायचं, याचं उत्तर मला विचारू नका.

ज्यांचा अर्ज आत्ता चालू आहे त्यांच्यासाठी थोडं कामाचं. मुलाचा खर्च वेगळा लिहा: फी, व्हॅन, दवाखाना, क्लास, वह्या-पुस्तकं, आणि पावत्या जोडा. 'मुलासह बारा हजार' असं मोघम मागू नका. पैसे रोख घेऊ नका, खात्यावर मागा. आदेश होऊन वर्षं झाली असतील आणि फी दुपटीवर गेली असेल तर रक्कम वाढवून मागता येते. वकिलाची फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा. बाईला आणि मुलाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. आणि पैसे थकले तर 'पुढच्या महिन्यात देतो म्हणालाय' यावर बसून राहू नका, बारा महिने उलटायच्या आत वसुलीचा अर्ज टाका.