पासबुकातील ४३६ रुपयांची नोंद

विमा क्षेत्रातील वरिष्ठ पदावरून निवृत्त झाल्यावर बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात गावोगावी जाऊन लोकांचे दाव्याचे अर्ज विनामूल्य भरून देणाऱ्या गृहस्थांवरील हा लेख वाचून मनापासून समाधान वाटले. लेखात त्यांच्या सत्कारांना बरीच जागा मिळाली आहे. माझ्या मते मात्र खरे मोल या कागदपत्रांच्या कामाचे आहे. सीमाभागात बहुतेक अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत असतात, आणि मराठी शाळेत शिकलेल्या, नुकताच नवरा गमावलेल्या बाईला ते कोणी समजावून सांगत नाही. प्रधानमंत्री जीवनज्योती विमा योजनेचे वार्षिक ४३६ रुपये बचत खात्यातून परस्पर वळते होत असल्याने, घरातील माणसाचा २ लाखांचा विमा होता हेच पुष्कळांना ठाऊक नसते. आमच्या शेजारी असेच घडले: पासबुकात मे महिन्यातील ती एक ओळ सापडली, तेव्हा कुठे दावा करता आला. त्यातही आधार कार्डावरील आणि पासबुकातील आडनावाचे स्पेलिंग जुळेना, म्हणून अर्ज एकदा परत आला. या गृहस्थांनी महिन्यातून एखादा रविवार बेळगावजवळच्या येळ्ळूर-उचगाव भागालाही द्यावा, अशी कळकळीची विनंती आहे; बसण्याच्या जागेची व्यवस्था आम्ही आनंदाने करू.