मान वळली म्हणून मिल्खाचं सुवर्ण गेलं? घड्याळ तसं म्हणत नाही

परवा पुतण्या शाळेच्या स्पर्धेतून तोंड पाडून घरी आला. चारशे मीटरला अडीचशेपर्यंत पुढे होता, मग तिघांनी मागे टाकलं. मी विचारलं, सुरुवातीलाच फार जोर लावलास का रे? तर म्हणतो, "नाही काका, मी मागे वळून बघितलं. मिल्खासिंगचंही असंच झालं होतं ना." आणि मोबाइल पुढे केला. आमच्या अण्णांनी घरच्या ग्रुपवर सकाळीच टाकलेला मजकूर.

तुम्हालाही तो आलाच असेल. थोडक्यात असा: रोम ऑलिम्पिक, १९६०. चारशे मीटरच्या अंतिम शर्यतीत मिल्खा सगळ्यांच्या पुढे. अडीचशे मीटरवर त्याने मागे वळून पाहिलं आणि एक दशांश सेकंदाने सुवर्णपदक गेलं. तरीही त्याने जागतिक विक्रम मोडला, तोही अनवाणी. आयुष्यात ८० शर्यती धावला, त्यातल्या ७७ जिंकल्या. त्याचा राष्ट्रीय विक्रम आजही अबाधित. शेवटी जोडलेले हात आणि बोध: आयुष्यात मागे वळून पाहू नका.

अण्णांशी वाद घालण्यात अर्थ नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलाने आपल्या हरण्याचं कारण या मजकुरात शोधलं म्हटल्यावर गप्प बसवेना.

किरकोळ माल आधी उरकतो.

अनवाणी: नाही. रोमच्या अंतिम शर्यतीत घातलेले बूट मिल्खाने २०१२ मध्ये एका मदतनिधीच्या लिलावाला दिले. अनवाणी धावलेल्या माणसाचे बूट लिलावात कुठून येणार? त्याच रोममध्ये अनवाणी धावून सुवर्ण जिंकणारा एक जण होता खरा, इथिओपियाचा अबेबे बिकिला. पण तो मॅरेथॉनला. दोन माणसांची एक गोष्ट करून टाकली आहे.

राष्ट्रीय विक्रम अबाधित: परमजितसिंगने तो १९९८ मध्ये कोलकात्यात ४५.७० सेकंदांत मोडला. त्यानंतर के. एम. बिनूने २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ४५.४८ आणि मोहम्मद अनासने २०१९ मध्ये ४५.२१ अशी वेळ दिली. ३८ वर्षं टिकलेला विक्रम ही काय लहान गोष्ट आहे? पण नाही, 'आजही' हा शब्द पाहिजेच.

आणि ते ८० पैकी ७७. यात मला खरंच चीड येते, कारण हे तपासायला साधी वजाबाकी पुरते. ८० तून ७७ गेले, हरण्यासाठी उरल्या तीन. एकट्या रोममध्ये मिल्खा चार वेळा धावला: प्राथमिक फेरी, पुढची फेरी, उपांत्य आणि अंतिम. चारपैकी एकाही शर्यतीत तो पहिला आला नाही. म्हणजे तिथेच कोटा संपून वर एक उसनी. त्याआधी १९५६ मध्ये मेलबर्नला तो प्राथमिक फेरीतच बाद झाला होता. नंतर कोलकात्यात राष्ट्रीय स्पर्धेत माखनसिंगनेही त्याला हरवलं. कुणी म्हणेल, आकडा फक्त अंतिम शर्यतींचा असेल. मग तसं लिहा, आणि यादी द्या. ती यादी मी आजवर कुठे पाहिलेली नाही. या फुगवलेल्या आकड्याचा सगळ्यात मोठा तोटा माखनसिंगला झाला. तो बिचारा या गोष्टीतून पुसलाच गेला.

जागतिक विक्रमाच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. मिल्खाची वेळ ४५.६ सेकंद. १९५२ मध्ये हेलसिंकीत जॉर्ज रोडेनने केलेला ऑलिम्पिक विक्रम ४५.९ होता. त्यापेक्षा मिल्खा जलद धावला, यात शंका नाही. पण रोमच्या उपांत्य फेरीतच अमेरिकेच्या ओटिस डेव्हिसने तो विक्रम ४५.५ वर आणला होता. म्हणजे अंतिम शर्यतीच्या दिवशी मोडायचा आकडा वेगळाच होता. जागतिक विक्रम तर लू जोन्सचा, १९५६ पासूनचा, ४५.२. तो त्या दिवशी मोडला गेला, पण डेव्हिस आणि जर्मनीच्या कार्ल कौफमनकडून. दोघांचीही वेळ ४४.९.

आता ती मान.

६ सप्टेंबर १९६० चा अधिकृत निकाल असा: डेव्हिस ४४.९, कौफमन ४४.९, दक्षिण आफ्रिकेचा माल्कम स्पेन्स ४५.५, मिल्खा ४५.६. तेव्हा अधिकृत वेळ हातातल्या स्टॉपवॉचची असे. पण फोटो-फिनिशच्या यंत्रानेही वेळ टिपली होती: ४५.०७, ४५.०८, ४५.६० आणि ४५.७३. (परमजितचे ४५.७० हे ४५.६ पेक्षा जास्त दिसत असूनही विक्रम का ठरले, याचं उत्तर या शेवटच्या आकड्यात आहे.)

एक दशांशाचं अंतर होतं ते स्पेन्सशी, म्हणजे कांस्यपदकाशी. सुवर्ण ०.६६ सेकंद लांब होतं. चारशेच्या शेवटच्या टप्प्यात धावपटूचा वेग सेकंदाला साधारण आठ मीटर धरा. ०.६६ सेकंद म्हणजे पाच मीटरहून जास्त. नुसती मान वळवून पाच मीटर जातात? मग मान वळवताना तो थांबून कुणाशी गप्पा मारत होता का? कांस्यपदकाचं अंतर मात्र जेमतेम एक मीटर. तिथे एखादी चूक नडली असेल, हे मी अमान्य करत नाही. हाच स्पेन्स १९५८ मध्ये कार्डिफला चारशे चाळीस यार्डांत मिल्खाच्या मागे दुसरा आला होता. म्हणजे मिल्खाची हळहळ खोटी नव्हती. पण मजकुरात कांस्य कुठेच नाही, सरळ सुवर्ण. कांस्य हुकल्याची गोष्ट कोण पुढे पाठवणार?

'अडीचशेवर सगळ्यांच्या पुढे' हेही जपून घ्या. ही शर्यत अख्खी आपापल्या लेनमध्ये होते आणि बाहेरच्या लेनवाल्यांना सुरुवातच पुढून मिळते, कारण त्यांची वळणं मोठी. हा फरक पूर्ण फिटतो तो दुसरं वळण संपल्यावर, म्हणजे तीनशेच्या आसपास. अडीचशे मीटर हे त्या वळणाचं ऐन मध्य. तिथे कोण पुढे दिसतो आणि कोण खरंच पुढे आहे, हे प्रेक्षकाला सोडा, धावणाऱ्यालाही नीट कळत नाही.

खुद्द मिल्खा म्हातारपणापर्यंत काय सांगत आला? की अडीचशेच्या सुमारास, हा वेग शेवटपर्यंत झेपणार नाही असं वाटून त्याने वेग कमी केला, आणि इतरांकडे नजर टाकली. म्हणजे नजर टाकली, हे मान्य. पण आधी काय आलं ते बघा: वेगाचा हिशेब. अख्ख्या चारशेचं मर्म तिथे आहे आणि मजकुराने नेमकं तेच गाळून मान तेवढी ठेवली. त्याच्यावरच्या हिंदी चित्रपटाने ती मान फाळणीच्या जखमेशी जोडली. पडद्यावर ते शोभतं. पण ट्रॅकवरच्या मुलाला ते शिकवू नका.

कारण या शर्यतीत शेवटी सगळेच मंदावतात. जिंकणारासुद्धा. १९९९ मध्ये सेव्हिलच्या जागतिक स्पर्धेत मायकेल जॉन्सनने ४३.१८ चा विक्रम केला, तेव्हा त्याचे पहिले दोनशे २१.२२ सेकंदांत झाले आणि दुसरे २१.९६ मध्ये. पहिल्या अर्ध्यात उभ्या जागेवरून वेग घेण्यातला वेळही धरलेला आहे, म्हणजे खरी घसरण आकड्यात दिसते त्याहून मोठी. २०१६ मध्ये रिओत वेड व्हॅन नीकर्कने ४३.०३ मध्ये तो विक्रम मोडला. त्याचा दुसरा अर्धा भाग तर पहिल्यापेक्षा जवळपास दोन सेकंदांनी संथ होता. तो आठव्या, सगळ्यात बाहेरच्या लेनमध्ये होता. किराणी जेम्स आणि लाशॉन मेरिट हे प्रतिस्पर्धी दोघेही त्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे समोर बघायला कुणी नाहीच. स्वतःच्या अंदाजावर धावायचं, बस. शेवटच्या शंभरात कुणी 'मागून सुसाट आला' असं वाटतं, तेव्हा तो बहुतेक वेळा इतरांपेक्षा कमी मंदावलेला असतो, इतकंच.

हे कळलं की मुलगा पहिल्या दोनशेत काय केलं ते तपासतो. 'मागे बघू नकोस' एवढंच कळलं तर तो पुढच्या वेळी मान ताठ ठेवून तितकाच जोरात सुटतो आणि त्याच जागी ढेपाळतो. वर स्वतःला दोष देतो की आपलं मन कच्चं.

रविवारी पुतण्याला मैदानावर नेलं आणि त्याच्या सवयीने धावायला लावलं. पहिले दोनशे २८ सेकंदांत, दुसरे ३७ मध्ये. मान एकदाही वळली नाही. घड्याळाकडे बघून तो स्वतःच म्हणाला, "काका, पहिले तीसमध्ये जाऊन बघू का?"

आज सकाळी ग्रुपवर अण्णांचा नवा मजकूर. पी. टी. उषा, लॉस एंजलिस, १९८४, चारशे मीटर अडथळा, एक शतांश सेकंदाने कांस्य हुकलं. दात ओठ खात उघडला, आकडे ताडून पाहिले. ५५.४१ आणि ५५.४२. बरोबर होते. अंगठा टाकला.