सुजलेल्या डोळ्यांवर ‘सात दिवसांचा उपाय’: एका संदेशाचा प्रतिवाद

विदर्भातल्या गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सुजलेल्या डोळ्यांच्या घरगुती उपायांचा एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: सकाळी डोळे सुजतात ते शरीरात साचलेल्या पाण्यामुळे, म्हणून सूर्यास्तानंतर पाणी पिऊ नये, बटाट्याच्या रसात लिंबू पिळून तो रात्रभर पापण्यांवर ठेवावा, सूज हट्टी असेल तर मूळव्याधीचे मलम डोळ्यांखाली लावावे, सात दिवसांत सूज कायमची जाते आणि डॉक्टरांची गरज पडत नाही. संदेशाची सुरुवात बरीचशी बरोबर आहे, आणि त्यामुळेच त्याच्या पुढच्या चुकाही खऱ्या वाटतात.

पापणीची त्वचा शरीरातील सर्वांत पातळ त्वचा असून तिची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते, आणि तिच्याखालचा थर सैल असतो. दिवसभर उभे राहिल्याने पायांकडे ओढला गेलेला द्रव रात्री आडवे झाल्यावर शरीरभर पसरतो आणि त्यातला थोडा या सैल जागेत उतरतो. माणूस उठून वावरू लागला, पापण्यांची उघडझाप सुरू झाली, की तासा-दोन तासांत तो बहुधा आपोआप ओसरतो. सकाळी केलेल्या कोणत्याही उपायाला या ओसरण्याचे श्रेय फुकट मिळते, हे पुढचे दावे तपासताना लक्षात ठेवावे.

पाणी तोडण्याचा सल्ला पहिल्याच पायरीवर घसरतो. निरोगी मूत्रपिंडे जास्तीचे पाणी काही तासांत बाहेर टाकतात. ते शरीरात धरून ठेवते ते मुख्यतः मीठ. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची मर्यादा सांगितली आहे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाही नाही. लग्नसराईत रात्री उशिराच्या पंगतीला वरणभाताबरोबर लोणचे, पापड, कुरडई आणि ठेचा असे ताट समोर आले आणि त्यावर झोपही अपुरी झाली, तर सकाळचे डोळे कशाने सुजले याचा शोध पाण्याच्या तांब्यात घेण्याचे कारण नाही. उलट मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा दिवसभर तेंदूपाने तोडून आलेल्या किंवा रोजगार हमीच्या कामावर राबलेल्या माणसाने सूर्यास्तानंतर पाणी सोडणे धोक्याचे आहे. लघवी दाट होते आणि मूतखड्याचा संभव वाढतो. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना डॉक्टरांनीच पाण्याचे माप ठरवून दिले आहे, त्यांची गोष्ट वेगळी. इतरांनी रात्रीच्या जेवणातले पापड-लोणचे कमी करावे आणि उशीखाली गोधडीची एक घडी ठेवून डोके थोडे उंच घ्यावे. त्यासाठी खर्च काहीच नाही.

बटाट्याच्या कापाने बरे वाटते, हे खोटे नाही. मात्र ते काम गारव्याचे असते: थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि सूज थोडी उतरते. माठातल्या पाण्यात भिजवून पिळलेले स्वच्छ सुती फडके मिटलेल्या डोळ्यांवर दहा मिनिटे ठेवले तरी तोच परिणाम मिळतो, आणि कच्चा रस डोळ्यात ओघळण्याची भीती राहत नाही. बर्फ वापरायचा तर कापडात गुंडाळूनच वापरावा. लिंबाला मात्र येथे जागाच नाही. त्याच्या आम्लाने पापणीची नाजूक त्वचा जळते, आणि लिंबाचा अंश राहिलेल्या त्वचेवर ऊन पडले की फोड उठून काळे डाग पडू शकतात, जे महिनोन्‌महिने टिकतात. सकाळी सातलाच शेतावर निघणाऱ्यांनी हा प्रयोग मुळीच करू नये. रांजणवाडीच्या गाठीला तर गार नव्हे, ऊन पाण्याचा शेक लागतो.

मूळव्याधीच्या मलमाचा सल्ला या संदेशातला सर्वांत वाईट सल्ला आहे. अशा अनेक मलमांत स्टेरॉईड असते. ते काही दिवस सूज दाबते, म्हणून माणूस लावत राहतो. पण पापण्यांवर दीर्घकाळ लावलेल्या स्टेरॉईडने त्वचा आणखी पातळ होते, डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. गोरेपणासाठी विकल्या जाणाऱ्या काही क्रीमनाही हेच लागू आहे.

संदेशाने जे सांगितलेच नाही, ते आपल्या भागात अधिक महत्त्वाचे आहे. पावसाळ्यात बांधावर, रस्त्याकडेला आणि पडीक वावरात माजणारे गाजर गवत हे पापण्या सुजण्याचे एक मोठे कारण आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम लक्षात आलेले हे तण आता देशभर पसरले आहे. त्याचे वाळलेले सूक्ष्म कण हवेतून येऊन उघड्या त्वचेवर बसतात आणि ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्या पापण्या, मान आणि कोपरांच्या घड्या खाजून लाल होतात, सुजतात. खाजवल्याने सूज वाढते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच गवतात निंदणाला गेल्यावर ती पुन्हा उभी राहते. अशा माणसाने बटाटा किसत बसण्यापेक्षा घरी येताच तोंड-हात साध्या पाण्याने धुवावेत, कपडे बदलावेत, ते गवत उपटण्याचे काम स्वतः करू नये. घरातल्या इतरांनी ते फुलोऱ्यावर येण्याआधी हातमोजे घालून उपटावे. सोयाबीन किंवा तूर मळणीयंत्रातून काढताना उडणाऱ्या धुळीनेही काहींचे डोळे असेच सुजतात. तोंडाभोवती दुपट्टा सगळेच बांधतात, साधा चष्मा मात्र क्वचित कोणी लावतो.

‘सात दिवसांत कायमची’ या शब्दांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. रात्रीची सूज सात दिवस टिकतच नाही, आणि वयानुसार डोळ्यांखाली येणाऱ्या पिशव्या चरबी अडवून धरणारा पापणीतला पडदा सैल पडून पुढे सरकलेल्या चरबीच्या असतात. त्या शेकाने वा रसाने जात नाहीत, त्यांच्यापासून अपायही नसतो.

राहिला डॉक्टरांची गरज नसल्याचा दावा. लहान मुलाचे डोळे रोज सकाळी सुजत असतील, संध्याकाळी पाय किंवा पोट फुगलेले दिसत असेल आणि लघवीला फेस येत असेल, तर मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जात असण्याची शक्यता असते. लघवीच्या साध्या तपासणीत ते कळते, पण घरी बहुतेकदा ते ‘झोप झाली नाही’ म्हणून सोडून दिले जाते. गरोदरपणाच्या पाचव्या महिन्यानंतर चेहरा अचानक सुजला, डोके दुखले किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा; आशाताईंना सांगितले तरी सोय होते. एकाच डोळ्याला सूज, ताप, डोळा हलवताना दुखणे किंवा अंधुक दिसणे ही रुग्णालयात जाण्याचीच लक्षणे आहेत. फवारणीचे औषध डोळ्यात उडाले तर स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा पंधरा-वीस मिनिटे धुवावा आणि मग डब्यासह दवाखाना गाठावा.

सुजेशी गल्लत होणारी आणखी एक गोष्ट आहे. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावली तर पुष्कळदा वेदना होत नाही, खूणही दिसत नाही. सकाळी पापण्या जड होऊन खाली पडतात, पोट दुखते, गिळायला त्रास होतो. येथे पापणी फुगलेली नसते, ती उचलताच येत नाही. अशा माणसाला चालवत न नेता, सर्पदंशावरील प्रतिविषाचे इंजेक्शन असलेल्या जवळच्या सरकारी रुग्णालयात लगेच हलवावे.