‘दोन फटके द्या अन् घरी पोचवा’: कुठल्या घरी?

गड्डा यात्रा आली की सोलापुरात दोन गोष्टी हमखास फिरतात. होम मैदानावर आकाशपाळणा आणि मोबाईलवर स्टेशनवरच्या पोरांबद्दलचा मेसेज. यंदा तो आमच्या पूर्व भागातल्या तीन ग्रुपांवर आला, एकात तर मावशीनंच टाकला. मजकूर थोडक्यात असा: ‘शाळेत खिचडी मिळते, सरकार घरकुल देतं, तरी ही पोरं रस्त्यावर. कारण एकच, उनाडपणा, नशा आणि फुकटच्या पैशाची चटक. पोलिसांनी दोन फटके देऊन घरी पोचवावं, प्रश्न मिटला.’

आधी ‘ही पोरं’ म्हणजे कोण ते बघू. यात्रेत फुगे विकणारं पोर बहुधा आईबापांसोबतच आलेलं असतं, अख्खं बिऱ्हाडच फुटपाथवर. दुसरं दिवसभर भंगार वेचतं आणि रात्री झोपडपट्टीत आपल्या घरी जातं. घर सोडून एकटं राहणारं ते तिसरं. फटके नेमके कुणाला मारायचे?

खिचडीचं म्हणाल तर ती दुपारी मिळते, रविवारी नाही, उन्हाळ्याच्या सुट्टीत नाही. पण नुसत्या भुकेवर बोट ठेवूनही भागत नाही. एकाच बोळात सारखीच गरिबी असते, तरी एका घरातलं पोर जातं आणि शेजारचं राहतं. म्हणून उंबऱ्याच्या आत बघावं लागतं.

एका खोलीचं घर. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळते. मजुरी हजार विड्यांमागे, आणि तपासणीत बाद झालेल्या विड्यांचे पैसे नाहीत. बाप यंत्रमागावर बारा तासांच्या पाळीला. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या कापडगिरण्या बंद पडल्या आणि कायमची नोकरी, फंड, भोंग्यावर चालणारं घर, सगळं त्यांच्याबरोबर गेलं. आता माग बंद तर पगार बंद. त्यात दारू आली की पगाराच्या रात्री आधी आई मार खाते, मग मध्ये पडणारा पोरगा. तो काही एका रात्रीत स्टेशन गाठत नाही. पहिल्यांदा शेजाऱ्याच्या ओट्यावर झोपतो, पुढच्या वेळी देवळात. कुणी विचारलं नाही की मग स्टेशन. मुंबई-चेन्नई मार्गावरचं स्टेशन आहे, गाड्यांना तोटा नाही. बापाला राक्षस ठरवून मोकळं होणं सोपं आहे. मला तेवढं सोपं वाटत नाही.

आणि मुली? त्या फलाटावर कमी दिसतात म्हणून त्यांची घरं सुखाची, असा अर्थ काढू नका. कितीतरी घरांत मुलीच्या बाबतीतला ‘उपाय’ म्हणजे अठराच्या आतलं लग्न.

चटकेचं अर्धं खरं आहे. चहाच्या गाडीवर चार पैसे सुटतात, कुणी ओरडत नाही, ही मोकळीक पोरांना आवडते. पण तेच पैसे मोठी पोरं हिसकावतात, हेही मेसेजवाल्यानं लिहायला हवं होतं. नशेसाठी पंक्चरचं सोल्यूशन हुंगणं बहुतेकदा रस्त्यावर आल्यावर सुरू होतं, भूक, थंडी आणि भीती मारायला. मेसेजनं परिणामाला कारण करून टाकलंय.

आता फटके. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे असं मूल सापडलं की २४ तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. घरची चौकशी होते, परत पाठवायचं की नाही ते समिती ठरवते. ज्या माराला भिऊन पोर पळालं, त्याच मारात त्याला परत नेऊन सोडलं तर ते पुढच्या खेपेस सोलापुरात थांबणारच नाही, वाडी जंक्शनची नाहीतर पुण्याची गाडी धरेल. मुलाला क्रूरपणे वागवणाऱ्याला याच कायद्याच्या कलम ७५ मध्ये शिक्षा आहे. पण जन्मदात्यांनी हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल टाकलं असेल, तर ते जाणूनबुजून केलं असं मानू नये, हेही त्याच कलमात लिहिलंय. मेसेजपेक्षा कायद्यानं आईबापांना जास्त ओळखलंय म्हणायचं.

मावशीला मी उत्तरात एवढंच टाकलं: १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन. एकटं पोर दिसलं तर हा नंबर लाव, फुकट लागतो, रात्री दोन वाजताही.